परमिटवर जिप्सीचा नंबर आधीच छापलेला होता: ताडोबा सफारीच्या नावाखाली गेलेले २२,३०० रुपये

आधी आकडे सांगतो. बुधवारी ८,४५०. त्याच संध्याकाळी चाळीस मिनिटांनी पुन्हा ८,४५०. गुरुवारी २,४००. शुक्रवारी ३,०००. एकूण २२,३०० रुपये. नागपूरहून जाण्या-येण्यासाठी केलेल्या गाडीचे ६,२०० वेगळे. म्हणजे २८,५०० रुपये खर्चून सहा माणसं मे महिन्याच्या भर दुपारी ताडोबाच्या कोअर, म्हणजे आतल्या मुख्य जंगलाच्या, गेटपर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. हातात परमिट होतं, त्यावर सहाही नावं बरोबर होती, ओळखपत्रांचे नंबरही बरोबर होते. फक्त ते परमिट खोटं होतं.

हे लिहायला लाज वाटते. मी ओटीपी कुणाला देत नाही, अनोळखी लिंक उघडत नाही, वीजबिल थकल्याचे मेसेज आले की सरळ डिलीट करतो. ताडोबाला तर अकरा वर्षं जातोय. कोअर मंगळवारी बंद असतं, पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं, कोलारा गेटला उमरेड-चिमूरवरून सुमारे ११० किलोमीटर पडतात आणि मोहर्लीला वरोरा-भद्रावतीवरून १४० च्या आसपास, हे मला कुणी सांगावं लागत नाही. तरी फसलो. म्हणून वर्षातून एकदा पाहुणे आले की घाईघाईत सफारी शोधणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मे महिन्यातल्या शनिवारची दुपारची फेरी हवी होती, आणि हातात होते चार दिवस. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वाघ दिसतो म्हणून शनिवार-रविवारच्या कोअरच्या जागा कितीतरी आधी भरलेल्या असतात. तात्काळचा कोटा उघडतो तो काही मिनिटांत संपतो. ज्याला घाई आहे, ज्याचे पाहुणे परत जाणार आहेत आणि ज्याला सरकारी साइटवर सगळीकडे ‘फुल’ दिसतंय, असाच माणूस या टोळ्यांना हवा असतो. ‘ताडोबा सफारी बुकिंग’ असं शोधलं की सगळ्यात वर जे येतं ते बहुतेक वेळा पैसे देऊन लावलेलं असतं. बाजूला बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. मीही वाचलं नाही.

साइट हुबेहूब होती. वाघाचा फोटो, वनविभागासारखं बोधचिन्ह, गेटांची यादी, तारखेचा तक्ता. यादीत मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी ही कोअरची सहाही गेटं नीट लिहिलेली. पत्त्याच्या शेवटी मात्र ‘डॉट गव्ह डॉट इन’ नव्हतं. मी ते पाहिलं होतं, आणि तरी खटकलं नाही. का खटकलं नाही, तेही सांगतो. ताडोबाचं खरं बुकिंगच कित्येक वर्षं ‘डॉट ओआरजी’ने संपणाऱ्या पत्त्यावर चालायचं. २०२३ मध्ये बुकिंगचं काम पाहणाऱ्या खासगी एजन्सीच्या चालकांवर १२ कोटी १५ लाखांच्या अपहाराचा गुन्हा चंद्रपुरात दाखल झाला, आणि त्यानंतर बुकिंग सरकारी पत्त्यावर आलं. जुन्या पर्यटकांच्या डोक्यात जुनाच पत्ता बसलेला आहे. आता मात्र पत्ता उजवीकडून वाचायची सवय लावा. आधी शेवटचं ‘गव्ह डॉट इन’ बघा, मग त्याच्या लगेच डावीकडचा ‘महाफॉरेस्ट’ बघा. ‘ताडोबा’ हा शब्द पत्त्यात कुणीही घालू शकतो.

फॉर्म भरल्यावर दहा मिनिटांत फोन आला. आपल्याकडचीच बोली. “भाऊ, शनिवारी दुपारच्या दोन गाड्या आतून सुटून राहिल्या. पुण्याच्या पार्टीनं कॅन्सल केलं. तुम्ही निवांत राहा, गेटवर आपलंच पोरगं आहे.” पांढरपौनीच्या पाणवठ्याला कालच वाघाचं साइटिंग झालं, दुपारच्या फेरीला कोणत्या बाजूने ऊन येतं, हे सगळं त्याने अचूक सांगितलं. जंगलाची अशी माहिती कुणी देऊ लागलं की आपल्यासारख्यांना वाटतं, हा आपल्यातला आहे. ही माहिती कुठेही फुकट मिळते. त्यावरून माणसाची पारख करू नका.

भाव सांगितला १६,९००. सहा जणांचं परमिट, जिप्सी (सफारीची उघडी गाडी), गाईड सगळं धरून. निम्मे आधी, निम्मे परमिट तयार झाल्यावर. पहिले ८,४५० पाठवताना यूपीआयवर एका व्यक्तीचं नाव आलं, दुसरे ८,४५० पाठवताना एका किराणा दुकानाचं. विचारलं तर उत्तर तयार होतं: “पहिल्या खात्याची आजची लिमिट संपली भाऊ.” वनविभागाचे पैसे किराणा दुकानाच्या खात्यात कसे जातील, हा प्रश्न मनात आला होता. पण अर्धे पैसे आधीच गेले होते. अर्धे गेले की माणूस उरलेले अर्धे वाचवायला बघत नाही, गेलेले अर्धे वाचवायला बघतो, आणि त्यासाठी आणखी पाठवतो. हे त्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. खऱ्या साइटवर पैसे पेमेंट गेटवेतून जातात. कुठलाही मोबाइल नंबर, कुठलंही माणसाचं नाव तिथे येत नाही. आलं तर थांबा, अर्धे गेलेले असले तरी थांबा.

रात्री परमिटचा पीडीएफ आला आणि मी तो उघडला. सगळ्यात जास्त राग मला या क्षणाचा येतो.

तारीख बघितली, बरोबर. गेट बघितलं, बरोबर. फेरी दुपारची. सहा नावं, वयं, आधारचे नंबर सगळं बरोबर, कारण ते मीच त्याला पाठवलं होतं. खाली दोन ओळी होत्या. एकीत जिप्सीचा एमएच-३४ ने सुरू होणारा नंबर, दुसरीत गाईडचं नाव. त्या दोन ओळी वाचून मला बरं वाटलं. गाडीसुद्धा ठरली, आता काळजी नाही, असं वाटलं.

ताडोबात जिप्सी आणि गाईड गेटवर पाळीने लागतात. आपण गेटवर हजर होतो, खिडकीवर परमिट दाखवतो, तेव्हा ज्या गाडीचा नंबर लागलेला असेल ती गाडी आणि ज्याची पाळी असेल तो गाईड आपल्याला मिळतो. गावातल्या प्रत्येक गाडीवाल्याला आणि गाईडला सारखं काम मिळावं म्हणून ही पद्धत आहे. तीन दिवस आधी गाडीचा नंबर परमिटवर येईलच कुठून? अकरा वर्षांत मी किती वेळा त्या खिडकीपाशी उभा राहून ‘आपल्याला कुठली गाडी लागली’ असं विचारलं असेल! सगळं माहीत असून ती ओळ मी नुसती वाचली आणि पुढे गेलो. त्या बनवणाऱ्याने कागद भरगच्च दिसावा म्हणून जास्तीचं काहीतरी घातलं आणि तिथेच चूक केली. ती चूक माझ्या डोळ्यांसमोर तीन दिवस होती.

आणखी एक होतं. परमिटवर छापलेली रक्कम मी दिलेल्या रकमेपेक्षा कमी होती. विचारल्यावर म्हणाला, वरचे आमचे सर्व्हिस चार्ज. ते मला पटलं, कारण एजंट वरचे पैसे घेतात हे आपण धरूनच चालतो. आपल्या या सवयीवरच त्यांचं चालतं.

गुरुवारी २,४०० घेतले ‘तात्काळचा फरक’ म्हणून, माणशी ४००. परमिट निघाल्यावर फरक कसला? शुक्रवारी ३,००० ‘जिप्सीचं डिपॉझिट, फेरी संपली की परत’. असं कुठलंही डिपॉझिट नसतं. हे वाक्य कुणी उच्चारलं की फोन ठेवून थेट १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

शनिवारी अडीचच्या सुमारास गेटवर पोचलो. खिडकीवरच्या माणसाने परमिट क्रमांक टाकला आणि मान हलवली. क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच तारखेचा आणि दुसऱ्याच माणसांचा. कुणाचं तरी जुनं परमिट घेऊन त्यावर आमची नावं बसवली होती. घरी आल्यावर क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला तर त्यातही तेच जुने तपशील निघाले. म्हणजे बुधवारी रात्री अर्ध्या मिनिटाचं काम होतं: स्कॅन करायचं, आणि वरची नावं व आतली नावं जुळतात का ते बघायचं. खिडकीवरचा माणूस नीट बोलला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्यानेच सांगितलं की मागच्या आठवड्यात एका कुटुंबाला चक्क मंगळवारचं परमिट विकलं होतं.

इथे या प्रकारातली खरी मेख समजून घ्या. ओटीपीच्या फसवणुकीत पैसे गेल्याचं लगेच कळतं. इथे पैसे बुधवारी जातात आणि कळतं शनिवारी, शंभर किलोमीटरवर, जिथे फोनला धड रेंज नसते. मधल्या तीन दिवसांत रक्कम चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेलेली असते. म्हणून तर ते ‘परमिट पाठवतो’ म्हणतात आणि खरंच पाठवतात. तो कागद आपल्याला जंगलात नेण्यासाठी नसतो, आपल्याला तीन दिवस गप्प बसवण्यासाठी असतो. एजंटकडून घ्यायचंच असेल तर बुकिंग तुमच्या स्वतःच्या मोबाइल नंबरच्या लॉगिनवरून करायला लावा. खरं परमिट त्या लॉगिनमध्ये शिरून बघता येतं. बघता येत नसेल तर ते परमिट नाही असंच समजा. परमिट हातात आलं की त्याच दिवशी सरकारी साइटवरच्या नंबरला फोन करून क्रमांक, तारीख आणि पहिलं नाव जुळवून घ्या. एजंटने दिलेल्या ‘गेटच्या नंबर’वर नाही. त्या नंबरवर त्याचाच भाऊबंद बसलेला असतो.

गेटवरूनच १९३० ला फोन लावला. तिथे पटपट माहिती विचारतात आणि आपल्याकडे ती तयार हवी: कुठल्या बँकेतून गेले, किती, किती वाजता, समोरचा यूपीआय आयडी, आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहार क्रमांक. चार व्यवहारांचे चार नंबर शोधण्यात माझी वीस मिनिटं गेली. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण शोधायला गेलो तर अर्धं गायब. पहिल्याच दिवशी त्याने ‘डिसअपिअरिंग मेसेज’ २४ तासांवर लावून ठेवले होते. चॅटमध्ये तशी ओळ येते, ती मी पाहिली नव्हती. अनोळखी व्यापाऱ्याने असं केलेलं दिसलं की स्क्रीनशॉट घ्यायला लागा आणि व्यवहार तोडा. साइटचाही स्क्रीनशॉट घ्या, वर पूर्ण पत्ता दिसेल असा.

तक्रारीचा क्रमांक मिळाला. पुढे ठाणं आणि बँक.

घराजवळच्या ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितलं, गुन्हा जंगलाच्या गेटवर घडला, तिकडच्या जिल्ह्यात जा. पैसे मी माझ्या घरात बसून पाठवले, फोन माझ्या घरात आला, मग गुन्हा तिकडे कसा? आणि हद्द नसली तरी तक्रार घ्यावी लागते, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. गुन्हा कुठल्याही क्षेत्रात घडलेला असो, ठाण्याने नोंद करून पुढे पाठवायची. हे मी शांतपणे सांगितलं तर समोरून उत्तर, “कायदा आम्हाला शिकवू नका.” दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या खेपेला विचारलं, रक्कम किती? बावीस हजार तीनशे म्हटल्यावर, “इथे बावीस लाखांच्या फायली पडल्यात.” मग काय करायचं? बावीस हजार कमावायला एखाद्याला महिना लागतो, ते चोरीला गेले तर चोरी नाही का? आणि अशी बावीस हजारांची शंभर माणसं असली की बावीस लाख होतात, हा हिशोब कुणीच का करत नाही? प्रत्येकाला ‘रक्कम लहान आहे’ म्हणून परत पाठवायचं, आणि टोळी नेमकी लहान रकमाच घेत राहते. मोठी रक्कम मागितली असती तर मीच दहा वेळा विचार केला असता. सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच वाक्य: “तुम्ही स्वतःच पाठवले ना? मग फसवणूक कसली?” फसवणुकीत माणूस स्वतःच देतो, म्हणून तर तिला फसवणूक म्हणतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे, आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ड. शेवटी साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर, “ठेवा, बघू.” पोच घेतल्याशिवाय हलू नका. तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक असलेली प्रत हातात नसेल तर तुम्ही ठाण्यात गेलाच नव्हता असं धरलं जातं. माझी पोच चौथ्या खेपेला मिळाली.

बँकेत वेगळाच खेळ. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार पडत नाही, असं वाचून मी आशेने गेलो. ते परिपत्रक आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. पिन स्वतः टाकला असेल तर बँक त्याला ‘अधिकृत व्यवहार’ म्हणते आणि हात वर करते. हे त्यांनी पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याऐवजी गुन्ह्याची प्रत आणा म्हणाले. ठाण्यात गेलो तर ते म्हणाले, बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट आणा. बँकेने त्या स्टेटमेंटचे ११८ रुपये घेतले. माझेच पैसे गेले, त्याचा माझाच कागद, आणि त्याचे माझ्याकडूनच ११८ रुपये. किराणा दुकानाच्या नावाचं खातं कुणी उघडलं, कुठल्या कागदांवर उघडलं, हे त्या दुसऱ्या बँकेला कुणी विचारलं का, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

२२,३०० पैकी १,२६० रुपये गोठवले गेल्याचं कळलं. सगळे शुक्रवारच्या ३,००० मधले, कारण तेच फक्त ताजे होते. तेही परत मिळायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागायचा.

या टोळीशिवाय एक दुसरा प्रकार आहे, तो यापेक्षा सौम्य आणि त्यामुळे जास्त चालणारा. परमिट खरं असतं, पण बफरचं, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलाचं, असतं, आणि पैसे कोअरचे घेतलेले असतात. नावांचा गोंधळ वापरतात. ‘मोहर्ली’ म्हणून सांगतात आणि आगरझरी, देवाडा किंवा जुनोना देतात. ‘कोलारा’ म्हणतात आणि परमिटवर कोलारा-चौरादेव असतं. नवेगावच्या बाजूला अलिझंझा, निमढेला, रामदेगी. बफर वाईट नाही, तिथेही वाघ उत्तम दिसतो, मी स्वतः आगरझरीला जातो. पण बफरचं परमिट बफरच्या भावाने घ्यावं. परमिटवर ‘कोअर’ की ‘बफर’ हा शब्द शोधा, नुसतं गावाचं नाव वाचून खूश होऊ नका. ‘नावं गेटवर बदलून देतो’ हेही खोटं. परमिटवरचं नाव आणि मूळ ओळखपत्र जुळलं नाही तर आत सोडत नाहीत, आणि सोडू नयेच.

नागपूरहून एका दिवसात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. गेट चुकलं तर सुधारता येत नाही. मोहर्लीहून कोलाऱ्याला जंगलातून आरपार जाऊ देत नाहीत, बाहेरून वळसा घालायला दोन तास सहज लागतात, तोवर फेरी निघून जाते. नकाशावर नुसतं ‘ताडोबा’ टाकू नका, गेटाचं पूर्ण नाव टाका. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, म्हणून परमिटची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्रं बरोबर ठेवा. आणि गाडीवाल्याला पूर्ण भाडं देण्याआधी परमिटची खात्री झालेली असू द्या. माझे ६,२०० त्यामुळेच गेले. त्यात गाडीवाल्याची काहीच चूक नव्हती.

ती साइट आठवडाभर बंद होती. परवा पुन्हा सापडली. नाव तेच, शेवटचं अक्षर बदललेलं, वाघाचा फोटो तोच. मी ती सायबर पोर्टलवर पुन्हा कळवली आहे आणि जाहिरातीखालच्या ‘तक्रार करा’वरही. तुम्हाला दिसली तर तुम्हीही कळवा, एका तक्रारीने ती हटत नाही. येत्या शनिवार-रविवारचं परमिट कुणी एजंटकडून घेतलं असेल तर आत्ता उघडा, क्यूआर स्कॅन करा आणि खाली जिप्सीचा नंबर छापलेला आहे का ते बघा. असेल तर १९३० आत्ताच लावा, शनिवारची वाट बघू नका.